बैलानं डवरलेली बाग

मी लग्न होऊन देऊळघाटला आले, त्याच वर्षी सासूबाईंनी ऋषिपंचमीचं व्रत धरलं. हा योगायोग होता असं मला अजून कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. व्रत त्यांचं, पण असल्या व्रताला पाठ लागते, आणि त्यांची पाठ तेव्हाच कामातून गेलेली. माझी नवीकोरी होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ऋषिपंचमीला बायकांनी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नसतं. नांगरलेल्या, वखरलेल्या शेतातलं धान्य चालत नाही, भाजी चालत नाही. हातानं खणलेल्या जमिनीत हातानं वाढवलेलं जे असेल ते सगळं एकत्र शिजवायचं आणि त्यावर दिवस काढायचा. अशी सात वर्षं झाली की उद्यापन. गावातल्या बाकीच्या बायका माळणीकडून जुडी घेत. माळीण म्हणायची, हातची आहे बाई, आणि या म्हणायच्या, असेल. सगळ्यांचं भागत होतं. आमच्या सासूबाईंचं भागत नव्हतं. त्यांना खात्री लागायची, आणि त्या खात्रीसाठी त्यांनी घरामागचा सगळा परस खणायला लावला. कोणाला लावला, ते आलंच.

बरं, नुसतं खणून थांबावं की नाही? पाणी बैलमोटेचं चालणार नाही, म्हणून मी विहिरीतून हातानं शेंदायचं आणि घासलेटच्या डब्यानं वाफ्यात नेऊन घालायचं. खत चालेल, पण शेण गाईचंच हवं. बैलाचं शेण हे बैलाच्याच अंगाचं, म्हणजे त्याचे कष्टच, असं त्यांचं मत पडलं. संध्याकाळी गुरं परतायच्या वेळी सासूबाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहून कुठलं शेण कोणी टाकलं हे पाहून ठेवायच्या आणि मला नेमकं बोट करून दाखवायच्या. मी शिकल्या-सवरलेल्या घरची मुलगी. माहेरी मराठी चौथी झालेली. खामगावच्या शाळेत मला भूगोलाचं बक्षीस मिळालं होतं.

दोडक्याचं बी सासूबाईंच्या बहिणीकडून, वरवट बकालहून यायचं. ते बैलगाडीतून आलं तर बाटलं. म्हणून आमचे हे, म्हणजे माझे यजमान, ते बी खिशात घालून सर्व्हिस मोटारीनं आणत आणि शेवटचं अंतर पायी चालत. हे बुलढाण्याला कचेरीत कारकून होते. आईच्या पुढं त्यांनी जन्मात शब्द काढला नाही, माझ्या पुढंही नाही, त्यामुळे दोन्हीकडून शहाणे ठरले. एकदा मामंजींनी शंका काढली की मोटारीत जे पेट्रोल घालतात त्याची पिंपं स्टेशनवरून बैलगाडीनंच येत असतील, मग? सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. शेवटी पेट्रोल जळून जातं, बी तर जळत नाही, असा निकाल मामंजींनीच दिला आणि मग दोडका लागला.

मामंजींची ती सवयच होती. मुन्सफ कोर्टात उभा जन्म कारकुनी करून ते पेन्शनीत निघाले होते, पण कोर्ट त्यांच्यातून निघालं नव्हतं. कुठलीही गोष्ट समोर आली की आधी विचारायचे, इथं कायदा कोणता लागतो? वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. मामंजी म्हणायचे, आपली जमीन निजामाची, ती भाड्यानं घेतली इंग्रजानं, आणि कारभार चालतो नागपुराहून, तेव्हा आपल्या परसातल्या कोहळ्यावर कोणाचा अंमल आहे हे आधी ठरवलं पाहिजे. ते ठरेपर्यंत कोहळं मी कापून शिजवलेलं असायचं.

अशी सहा वर्षं गेली आणि सातवं लागलं. त्या वर्षी सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. संध्याकाळी दिवा लावताना काडी वातीच्या शेजारी धरायच्या. तेवढ्यासाठी त्यांनी कोणापुढं कुरकुर केली नाही, पण एकदा मी त्यांच्या केसांना तेल लावत होते तेव्हा म्हणाल्या की यंदाचं उद्यापन पार पडलं म्हणजे झालं, पुन्हा सात वर्षं धरायला मी काही राहत नाही. मला वाईट वाटलं. आणि खरं सांगते, त्यात थोडं माझ्यासाठीही वाटलं. यंदा काही बिनसलं तर सात वर्षं पुन्हा पहिल्यापासून, आणि ती त्यांची जेवढी, तेवढीच माझीही. त्या व्रत करणार, शेणामागं मी हिंडणार.

श्रावणात पावसानं दडी मारली. आधी भरपूर पडला होता, त्यामुळे तण कमरेला लागलेलं, आणि वरून भादव्याचं ऊन श्रावणातच येऊन बसलं. आमची काळी जमीन. ओली असताना पायाला चिकटते आणि वाळली की तिच्यातून खुरपं परत वर येतं. भेंडी, गवार, चवळी, माठ अशा ओळी मी लावल्या होत्या, आणि मला त्यांच्यामधून बसून सरकता यावं म्हणून चांगल्या ऐसपैस ठेवल्या होत्या. तणालाही ती ऐसपैस जागा आवडली. हराळी, लव्हाळा, केना, चिकाची दुधी. सकाळी एक ओळ निंदून काढावी आणि चार दिवसांनी मागं वळून पाहावं तर पुन्हा तेच. तेव्हा गाजरगवत नव्हतं, म्हणून लोक म्हणतात की त्या काळी तण नव्हतं. यावं त्यांनी, दाखवते.

त्यातही न्हाणीमागचा कोपरा. तिथं न्हाणीचं पाणी जायचं, त्यामुळे कितीही ऊन असलं तरी तो कोपरा हिरवागार. घोळ, चिवळ, केना, काटेमाठ, आघाडा, सगळं एकमेकांच्या अंगावर चढलेलं. मध्ये कपडे धुवायचा मोठा दगड, त्यामुळे तिथं नीट बसताही येत नसे. मी त्याला हातच लावला नाही. सासूबाईंना बाकी दिसो न दिसो, तो कोपरा बरोबर दिसायचा. रोज सकाळी त्यावरून एक पाठ व्हायचा. शेजारपाजारच्या बायका येतात, काय म्हणतील, सून आहे की कोण आहे, आमच्या वेळी परसात गवताची काडी नव्हती. मी ऐकून घ्यायची आणि उद्या काढते म्हणायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण कोपरा तसाच राहायचा.

मग पोळा आला.

पोळ्याला बैलाला काम नाही. त्या दिवशी त्याच्यावर काठी उगारायची नाही, चाबूक हातात धरायचा नाही. आदल्या संध्याकाळी त्याच्या खांद्याला हळद आणि लोणी लावून पळसाच्या पानानं शेकतात आणि त्याला आवतन देतात, म्हणजे जेवायला बोलावतात, की उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी सजवून मिरवतात, आणि पोळा फुटला, म्हणजे ती मिरवणूक सुटली, की मालक बैल घेऊन घरोघरी येतात. बाई ताट घेऊन दारात येते, पाय धुते, ओवाळते, पुरणाची पोळी खाऊ घालते.

आमच्या शेजारी एक शेतकरी राहायचा. मनानं साधा, पण अब्रूला फार जपणारा. त्याच्या जोडीतला एक बैल म्हातारा झाला होता. त्यानं जन्मभर डवरं ओढलेलं. डवरं म्हणजे पिकाच्या दोन ओळींमधून तण काढत जायचं अवजार, बैलानं ओढायचं. तर हा शेजारी जोडी घेऊन आमच्या दारी आला. बैलांच्या शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरांच्या माळा. सासूबाई ताट घेऊन पुढं झाल्या. तेवढ्यात मागच्या गल्लीत कोणी तरी हौशी माणसानं बंदुकीचा बार काढला. तरणा बैल जागेवर उभा राहिला आणि म्हातारा उधळला.

तो घराला वळसा घालून मागं गेला, कुंपण फोडून परसात शिरला, आणि त्याच्या लोंबत्या कासऱ्यात कुंपणाची बोराटीची मोठी काटेरी फांदी अडकून मागं फरफटत आली. आम्ही सगळे धावलो. मला वाटलं, संपलं. सहा वर्षं आणि हा श्रावण, सगळं आता त्याच्या खुरांखाली जाणार.

पण मागं ओझं लागल्याबरोबर तो बैल शांत झाला. थांबला. मान खाली केली. समोर ओळी होत्या आणि ओळींत तण होतं. त्यानं पहिलं पाऊल टाकलं ते भेंडी आणि गवारीच्या बरोबर मधोमध. तो चालू लागला. मागून बोराटीची फांदी हराळी उपटत येत होती. ओळीच्या टोकाला गेला, आपला आपण वळला आणि दुसऱ्या ओळीत शिरला. एका भेंडीवर पाय पडला नाही. बाशिंग बांधलेला, झूल घातलेला तो बैल घुंगरं वाजवत आमची बाग डवरत होता आणि आम्ही कडेला ओळीनं उभे होतो.

सासूबाई पहिल्यांदा भानावर आल्या. त्यांनी मला बैल हाकलायला सांगितलं. मी काठी उचलली, तर शेजाऱ्यानं माझा हात धरायचाच बाकी ठेवला. पोळ्याच्या दिवशी काठी? मी काठी खाली टाकली. मग सासूबाईंनी ताटातल्या पुरणाच्या पोळ्यांतली एक पुढं करून त्याला बाहेर बोलावायचं ठरवलं. तो ओळीच्या टोकाला आला, पोळी खाल्ली आणि वळून पुढच्या ओळीत गेला. पुन्हा आला, पुन्हा पोळी. प्रत्येक ओळीला एक. पोळ्या संपल्या तेव्हाच बागही संपली. मग तो कुंपणापाशी येऊन उभा राहिला, जू काढायची वाट पाहत. त्याच्या मानेवर जू नव्हतं हे त्याला कोण सांगणार?

बाग अशी निघाली होती की मी जन्मात तशी काढू शकले नसते. तण मुळासकट उपटून ओळींच्या टोकाला ढिगानं पडलेलं. फक्त न्हाणीमागच्या कोपऱ्याकडं तो गेला नव्हता, धुण्याचा दगड आडवा होता म्हणून. मला आधी हसू आलं. मग सासूबाईंच्या तोंडाकडं पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. बैलाच्या कष्टाची भाजी! पंचमी तोंडावर आलेली, आणि सातवं वर्ष.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर कोर्ट बसलं. मामंजींना एवढा आनंद पेन्शन मंजूर झाल्यावरही झाला नसेल. गल्लीतल्या बायकाही आल्या, कारण सासूबाईंच्या खात्रीची कीर्ती होऊन त्यांतल्या बऱ्याच जणी आता माळणीला सोडून आमच्याच परसातून पंचमीची भाजी नेत. त्यांचाही उपास आमच्या भेंडीवर टांगलेला.

मामंजींचं म्हणणं असं, की कष्ट म्हणजे जुंपलं पाहिजे. जू नाही, डवरं नाही, हाकणारा नाही, तर ते कष्ट नव्हेत, ते बैलाचं फिरणं. बायकांना हे पटायला लागलं होतं. तेवढ्यात त्यांतलीच एक म्हणाली की हाकणारा कसा नाही, बैल वळताना मालकानं जीभ टाळूला लावून टक् टक् केलेलं मी कानांनी ऐकलं. सगळ्यांनी शेजाऱ्याकडं पाहिलं. तो लाल झाला. म्हणाला की सवयीनं तोंडातून निघालं, जन्मभर त्या बैलाच्या मागं चाललो आहे. दुसरीनं पोळ्यांचं काढलं. ओळीला एक पोळी दिली, म्हणजे ती मजुरीच झाली की नाही? मामंजी म्हणाले, नैवेद्य आणि मजुरी यांत फरक आहे. तिनं विचारलं, कोणता? मामंजींनी पाण्याचा तांब्या मागवला.

मग शेजारी उठला.

"काकू, माह्या बैलानं पोळ्याच्या दिवशी काम केलं म्हनता? मंग म्या त्याले पोळ्याले जुंपलं, असंच झालं ना? सारं गाव माह्या तोंडात शेन घालीन."

हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. भाजी बाटली म्हणावं तर बैलानं काम केलं, आणि बैलानं पोळ्याला काम केलं म्हणावं तर शेजारी गावातून उठला. भाजी शुद्ध ठरवली तर तो वाचतो, नाही तर सासूबाईंचं व्रत त्याची अब्रू घेऊन बुडतं. माणूस चांगला होता, अडीअडचणीला धावणारा.

तेव्हा मामंजींनी मधला निकाल काढला. म्हणाले, बैल फिरला तो काल. कालपर्यंत झाडावर जे लागलेलं आहे त्याच्याशी बैलाचा संबंध नाही. बैलाचा जो काही गुण लागायचा तो पुढं लागणाऱ्या भाजीला लागणार. तेव्हा आत्ताच्या आत्ता सगळी भाजी तोडून ठेवा. भाजी शुद्ध, बैल निर्दोष, दावा निकाली.

भर दुपारच्या उन्हात आम्ही भाजी तोडली. सगळी. पंचमीपर्यंत ती टिकवायची म्हणून ओल्या फडक्यांत बांधून टोपल्या विहिरीत पाण्याच्या जरा वर सोडल्या. कामाला आमचे हेच होते, हूं का चूं न करता. रात्रीतून एक दोर ढिला झाला आणि गवारीची टोपली पाण्यात बसली. पुढं आम्ही सगळे गवारीचं पाणी पीत होतो. चहाला गवारीचा वास, देवाच्या तीर्थाला गवारीचा वास. मामंजी म्हणाले की पाण्याला वास येणं हा कायद्यानं दोष नाही.

चतुर्थीला गणपती बसले आणि दुपारी टोपल्या वर काढल्या. भेंडीचं लाकूड झालेलं. दोडके बोट लावलं की आत जात. माठाचं तर नावच काढू नका. सासूबाईंनी एकेक टोपली नाकाशी धरली आणि बाजूला ठेवली. मामंजी काही तरी सांगायला लागले, झाडावर नव्यानं लागलेल्या भाजीबद्दल, नवी सवलत. सासूबाईंनी त्यांना हातानं थांबवलं.

"म्या पाह्यलं न डोयानं," त्या म्हणाल्या. "तो फिरत नव्हता. तो काम करून राह्यला होता. काम करणारं जनावर मले समजते."

शेजाऱ्याचं नाव कुठं काढायचं नाही, त्याचा दोष नाही, लोकांनी आमच्या बागेतली ताजी भाजी खुशाल न्यावी, असं त्यांनी सांगितलं. पण आपलं व्रत यंदा मोडलं. पुढच्या वर्षीपासून पुन्हा पहिलं वर्ष धरायचं. जमेल तेवढं जमेल. बोलताना त्यांचे ते ढगाळलेले डोळे कुठं तरी भिंतीकडं होते, आणि हात टोपलीच्या काठावरून नुसतेच फिरत होते.

मी खरं म्हणजे त्या वेळी त्यांना धीर द्यायला हवा होता असं कोणीही म्हणेल. पण माझं पित्त खवळलं ते खवळलंच. पुन्हा सात वर्षं! मी विचारलं,

"बैलाच्या कष्टाचं तुमाले चालत नाही. मंग सहा वर्षं माह्या कष्टाचं कसं चाललं?"

आमचे हे पंचांग चाळायला लागले. मामंजींनी थोडा विचार केला आणि म्हणाले की शास्त्रात सुनेबद्दल काही दिलेलं नाही.

मी खुरपं उचललं आणि परसात गेले. राग काढायला काही तरी हवं होतं, आणि महिनाभर ज्याच्यावरून बोलणी खाल्ली तो कोपरा समोर होता. म्हटलं, घ्या, आज काढतेच तुमचा कोपरा. धुण्याच्या दगडावर एक पाय ठेवून मी घोळ उपटायला लागले. केना, चिवळ, काटेमाठ, जे हाताला लागेल ते ओढत होते आणि मागं भिरकावत होते. काटेमाठानं बोटं फोडली. डोळ्यांत घाम होता, थोडंफार दुसरंही पाणी होतं.

मागून सासूबाईंचा आवाज आला. त्या भिंतीला हात लावत लावत आल्या होत्या आणि मला थांब म्हणत होत्या. मी थांबले नाही. त्यांनी येऊन माझं मनगट धरलं. त्यांच्या पायाशी चिवळीची एक जुडी पडली होती. ती त्यांनी उचलली, नाकाशी नेली, मग तोंडात घातली आणि चावत उभ्या राहिल्या.

मला कळायला थोडा वेळ लागला. इथं बैल आला नव्हता. इथं कोणीच आलं नव्हतं. नांगर नाही, वखर नाही, खत नाही, मोट नाही, मीसुद्धा नाही. सबंध देऊळघाटात कोणाचेही कष्ट न लागलेली एवढीच जमीन होती, आणि ती सुद्धा माझ्या आळसानं राखलेली. भाजी म्हणावी तर घोळाची होते, चिवळीची होते, केन्याची होते, काटेमाठाचे कोवळे शेंडे तर चांगले लागतात. पंचमीच्या सकाळी दात घासायला लागतो तो आघाडाही तिथंच.

सासूबाई मटकन दगडावर बसल्या. आता पुढचं उपटू नको, उद्या सकाळी ताजं काढू, असं म्हणाल्या. आणि मी जे भिरकावलं होतं ते हातांनी चाचपत गोळा करायला लागल्या.

पंचमीला पहाटेपासून बायका पदराखाली भांडी घेऊन हजर. ताजी भेंडी न्या म्हटलं होतं तरी एकीनंही तिच्याकडं पाहिलं नाही. सगळ्यांना तण हवं होतं. ज्या कोपऱ्यावरून माझी गावभर अब्रू जायची, त्याच्या तोंडाशी सासूबाई पाट टाकून बसल्या होत्या आणि कोणाला मूठभरापेक्षा जास्त देत नव्हत्या. एक बाई जरा आत वाकली तर तिला बजावलं की आमच्या सुनेनं एवढं सांभाळून ठेवलं आहे, तुडवू नका. मी ते ऐकलं आणि न्हाणीच्या आडोशाला जाऊन एकटीच हसले. सात सुपाऱ्या मांडून ऋषींची पूजा झाली, चिंच घालून ती भाजी शिजली, आणि सासूबाईंचं उद्यापन पार पडलं. शेजाऱ्याच्या बैलालाही त्यांनी पानभर भाजी पाठवली. मामंजी म्हणाले की हे तर त्याच्या विरुद्ध पुरावा दिल्यासारखं झालं. त्यांच्याकडं कोणी लक्ष दिलं नाही.

दिवस मावळताना मी मागच्या पायरीवर टेकले होते. सासूबाई आल्या, हातात वाटी. पाठ कर म्हणाल्या. मला वाटलं, पदराला काही लागलं असेल. त्यांनी माझ्या खांद्यावरचा पदर सरकवला आणि वाटीतलं लोणी आणि हळद खांद्याला चोळायला सुरुवात केली. मग मानेच्या खाली, मग पाठीच्या कण्याला. बोटं म्हातारी होती, पण नेमकी जिथं दुखायचं तिथं जात होती. इतकी वर्षं त्या पाठीकडं पाहत असणार त्या. मग कमरेचं पळसाचं पान काढलं, चुलीवर गरम करून आणलेलं, आणि त्यानं माझा खांदा शेकला. आणि पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाला म्हणतात तेच, अगदी हळू म्हणाल्या.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. त्या चोळतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खरोखरच पाटावर बसवून पुरणाची पोळी वाढली आणि दिवसभर काडीला हात लावू दिला नाही. माझा जीव नुसता कंटाळला. संध्याकाळी जेवणं झाल्यावर त्यांनी सांगितलं की आता त्यांचं झालं, पुढच्या वर्षीपासून व्रत माझं. मी कपाळाला हात लावला. सात वर्षं टळली म्हणून सकाळपासून देवाला मनातल्या मनात नमस्कार घालत होते, ते सगळे वाया गेले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तुह्या वेळेले निंदण म्या करीन."

आणि केलं. पुढच्या भादव्याच्या उन्हात डोक्यावर ओला पदर घेऊन त्या ओळीत बसल्या. मी नको म्हटलं, भांडले, खुरपं लपवून ठेवलं. त्या हातांनी उपटायच्या. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं, म्हणून हाताला जाड लागेल ते तण आणि बारीक लागेल ती भाजी, असा त्यांनी हिशेब लावला होता. भेंडीची ओळ गेली, मग गवार गेली. केना तेवढा जिवापाड जपला. मी मागं उभी राहून बघायची. मी बोलायचं सोडणारी नव्हे, हे एव्हाना तुम्हाला कळलंच असेल, पण त्या उन्हात मी नुसती उपटलेली भेंडी गोळा केली.

पंचमीला माझ्या व्रताचं पहिलं जेवण. पानात केना, घोळ, चिवळ. सासूबाई माझ्या समोर बसल्या होत्या. घास खाल्ला, आणि परसाच्या दिशेनं तोंड करून समाधानानं म्हणाल्या की पाह्य, यंदा तण कसं एक नाही राह्यलं.

मी "हाव" म्हणून मान डोलावली आणि अजून थोडी भाजी वाढून घेतली.